खानावळ कशी जोखावी : हौशी खवय्यासाठी मार्गदर्शन

जेवून उठल्यावर हात पुसता पुसता पाचपैकी चार तारे देऊन टाकणे आता फार सोपे झाले आहे. त्या चार ताऱ्यांचा परिणाम मात्र पुढे बराच काळ होत राहतो. बदलीवर नव्याने गावात आलेला कर्मचारी, वसतिगृहात जेवणाची सोय नसलेली विद्यार्थिनी, मुलाबाळांसह पहिल्यांदाच कोकणात उतरलेले कुटुंब, ही माणसे अनोळखी गावात कुठे जेवायचे हे आपल्यासारख्यांनी दिलेल्या आकड्यांवरून ठरवतात. आणि ज्या खानावळीत नवरा गल्ल्यावर बसतो व बायको चुलीपाशी उभी असते, त्या घराच्या महिन्याच्या कमाईवर तेच आकडे थेट परिणाम करतात. म्हणून हौशी खवय्याने हे काम थोडे शिकून घेऊन करावे, असे मला मनापासून वाटते. मिसळ, मालवणी थाळी, कोल्हापुरी मटण अशा आपल्या नेहमीच्या खाण्याच्या आधारे ते कसे करावे हे पुढे सांगितले आहे. सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे : ठिकाण काय देऊ पाहते हे आधी ओळखावे, ते रोज तसेच देते का हे पडताळावे, आणि आकडा सर्वांत शेवटी लिहावा.

ठिकाणाचा प्रकार आधी ठरवावा

कोणतीही तुलना सारख्याची सारख्याशीच होऊ शकते. मिसळीचेच पाहा. कोल्हापूरची मिसळ कटावर उभी असते. कांदा-लसूण मसाल्याचा तो लाल, तिखट रस्सा आणि सोबत ब्रेडचे जाड काप हेच तिचे रूप आहे. पुण्यातील पेठांमधल्या काही जुन्या ठिकाणी मिसळीत पोहे किंवा बटाट्याची भाजी असते, रस्सा सौम्य असतो आणि त्यात गोडसर चव मुद्दाम राखलेली असते. नाशिककडे काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि दही यांची जोड मिळते, तर मुंबई-ठाण्याकडे लादीपाव. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने पुण्यातल्या मिसळीला केवळ ती जळजळीत नाही म्हणून दोन तारे द्यावेत, किंवा पुणेकराने कोल्हापुरात जाऊन तिखटाबद्दल तक्रार लिहावी, यात त्या मिसळीबद्दल वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. नागपूरच्या सावजी जेवणाला तिखट म्हणून कमी लेखणे हाही तसाच प्रकार आहे. तिथे विचारायचा प्रश्न असा की त्या तिखटामागे भाजलेल्या मसाल्याची चव येते की नाही.

हीच गोष्ट ठिकाणाच्या स्वरूपालाही लागू होते. विद्यार्थ्यांची मासिक मेस, दुपारी राईस प्लेट देणारे स्टेशनजवळचे हॉटेल, उडपी, घरातल्या ओसरीवर चालणारी मालवणी खानावळ आणि वातानुकूलित फॅमिली रेस्टॉरंट यांची आश्वासने वेगवेगळी असतात. मेसमध्ये रोज जेवावे लागते, म्हणून तिथे आठवडाभर भाज्या फिरत्या राहतात का, पोळी शेवटच्या पंगतीपर्यंत मऊ असते का, दुसऱ्यांदा मागितलेले वरण पातळ होऊन येते का, हे पाहायचे असते. तिथे एखाद्या दिवशीची शाही पनीरची भाजी आवडली म्हणून पाच तारे देणे निरुपयोगी आहे. ओसरीवरच्या खानावळीत टेबले एकमेकांना लागून आहेत किंवा मेन्यूकार्ड नाही हा दोष मानू नये, मात्र ताटात आलेला मासा शिळा असेल तर ती तिथली अक्षम्य गोष्ट मानावी, कारण ताजा मासा हेच त्या खानावळीचे सगळे आश्वासन आहे.

केव्हा जावे

पदार्थाची चव ठिकाणाइतकीच वेळेवर अवलंबून असते, आणि हौशी अभिप्रायांमध्ये सर्वांत कमी लक्ष याच गोष्टीकडे दिलेले दिसते. मिसळीचा कट सकाळी चुलीवर चढतो आणि गिऱ्हाईक संपेपर्यंत मंद आचेवर राहतो. जसजसे पाणी आटते तसतसे मीठ आणि तिखट वर येते. मग बल्लव त्यात गरम पाणी घालतो, पुन्हा मसाला सोडतो आणि चव सावरतो. हे सावरणे कोणाला जमते आणि कोणाला नाही, यावरच चांगल्या व सामान्य मिसळीतला फरक पुष्कळदा ठरतो. त्यामुळे एकदा सकाळी लवकर आणि एकदा दुपारच्या सुमारास अशा निदान दोन वेगळ्या वेळी खाल्ल्याशिवाय मिसळीच्या ठिकाणाबद्दल ठाम मत देऊ नये. दोन्ही वेळा खारटपणा सारखा लागला तर तो वस्ताद जाणता आहे असे खुशाल लिहावे.

माशांच्या खानावळीबाबत ऋतू आणि वार दोन्ही पाहावे लागतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या दोन महिन्यांत मालवणात किंवा रत्नागिरीत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली, शीतगृहातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आणलेली असते. प्रामाणिक खानावळवाला त्या दिवसांत खाडीतले मासे, तिसऱ्या, सुके बांगडे किंवा सुकट पुढे करतो आणि सुरमई का नाही हे सरळ सांगतो. असे सांगणाऱ्याला मी जास्त गुण देतो. जुलैत जाऊन पापलेट ताजे नव्हते अशी तक्रार लिहिणाऱ्याने निदान महिना तरी नोंदवावा. वारांचेही तसेच आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला पुष्कळ घरांत मांसाहार होत नाही, श्रावणात तर महिनाभर मागणी घटते. अशा दिवशी उरलेला माल दुसऱ्या दिवशी खपवला जाण्याची शक्यता असते. ठिकाण उत्तम अवस्थेत पाहायचे असेल तर मागणी जास्त असते अशा बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी जावे, आणि त्याची खरी परीक्षा घ्यायची असेल तर मंगळवारी जावे.

शाकाहारी थाळीलाही ऋतू आहेत. खानदेशातले वांग्याचे भरीत हिवाळ्यातच खावे, कारण भरताची मोठी वांगी तेव्हाच रसरशीत असतात. आमरस एप्रिल-मेमध्ये खावा. ऑक्टोबरमध्ये वाटीत आलेला आमरस डब्यातल्या गराचा असणार, तेव्हा त्या वाटीवरून हॉटेलची पारख करू नये.

घास कसा घ्यावा

मिसळ आली की लगेच सगळे कालवून टाकू नये. कट वेगळा मागून घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो आनंदाने देतात. पहिला घास नुसत्या उसळीचा घ्यावा. मटकी मोड आलेली हवी, दाणा अखंड दिसला पाहिजे आणि बोटांत धरून दाबला की चेपला गेला पाहिजे. आतून कच्चट लागणारी मटकी घाईची खूण असते, आणि लगदा झालेली मटकी आदल्या दिवशीच्या उसळीत मिसळलेली असू शकते. त्यानंतर चमचाभर नुसता कट प्यावा. मसाला नीट परतला नसेल तर कट जिभेवर पिठूळ लागतो आणि कच्च्या कांद्या-लसणाचा दर्प नाकात जातो. खोबरे करपले असेल तर गिळल्यानंतर घशाशी कडवटपणा राहतो. चांगल्या कटाचे तिखट हळूहळू चढते आणि त्याबरोबर मसाल्याचा वास जाणवत राहतो. नुसत्या मिरचीपुडीचे तिखट एकदम झोंबते आणि मागे काही ठेवत नाही. तर्रीकडेही नीट पाहावे. परतताना मसाल्याने सोडलेल्या तेलाला मसाल्याचीच चव असते, तर वरून ओतलेले रंगीत तेल चाखल्यावर नुसते तेलच लागते. शेवटी फरसाण पाहावे. रस्सा पडण्यापूर्वीच ते मऊ असेल तर डबा उघडा राहिलेला आहे. एवढे झाल्यावर लिंबू पिळून, कांदा घालून, मनसोक्त कालवून खावे, कारण मिसळ शेवटी एकत्र खाण्याचीच गोष्ट आहे आणि सुटे भाग उत्तम असूनही एकत्र न जमलेली मिसळ मी पुष्कळदा खाल्ली आहे. सॅम्पल, म्हणजे वरून घ्यायचा रस्सा, दुसऱ्यांदा मागावे आणि ते पहिल्याइतकेच गरम व दाट आहे का ते पाहावे.

मालवणी ताटात तळलेल्या माशापेक्षा आमटीवर अधिक भरवसा ठेवावा. रव्याचे जाड आवरण आणि भरपूर तिखट यांच्याखाली बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. आमटीत त्या उघड्या पडतात. ताज्या माशाचे मांस काट्यापासून पाकळ्यांसारखे सुटते व ओलसर असते. फार दिवस गोठवलेला मासा कापसासारखा कोरडा लागतो, आणि शिळ्या माशाला नाकात जाणारा उग्र वास येतो. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात, तिरफळ हा झोंबरा मसाला आहे का, ते कढत असताना नुसते सुगंध देते की चावले जाऊन तोंड बधिर करते, हेही पाहावे. बोंबील मुळातच पाणीदार असतो, म्हणून तो दाबून पाणी काढल्याशिवाय तळला की मऊ पडतो. कुरकुरीत बोंबील म्हणजे स्वयंपाकघरात कोणीतरी वेळ खर्च केलेला आहे. सोलकढीची चव ताज्या नारळाच्या दुधात असते. तिचा रंग फिकट गुलाबी असतो आणि ती थोडा वेळ ठेवली तर थर वेगळे होऊ लागतात. भडक गुलाबी आणि तासभर तशीच एकजीव राहिलेली सोलकढी दिसली तर आमसुलाशिवाय त्यात आणखी काय आहे हे विचारायला हरकत नाही.

कोल्हापुरी ताटात बहुतेकांचे लक्ष तांबड्या रश्श्याकडे जाते, पण स्वयंपाक्याचा हात पांढऱ्या रश्श्यात कळतो. मटणाचे अळणी पाणी, नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि अख्खा गरम मसाला एवढ्यावर तो उभा असतो. त्याला तिखटाचा किंवा रंगाचा आडोसा नसतो. पीठ लावून दाट केलेला रस्सा टाळूला चिकटतो. अळणी पाण्याचा खरा रस्सा पातळ असूनही भरीव लागतो. मटण हाडापासून सुटावे, परंतु सोडा किंवा पपईने मऊ केल्यासारखे बाहेरून लिबलिबीत नसावे.

थाळीतल्या मोठ्या पदार्थांपेक्षा लहान पदार्थ अधिक खरे बोलतात. कोशिंबिरीतली काकडी आताच चिरलेली आहे की सकाळपासून पाणी सोडत बसली आहे, ओल्या नारळाची चटणी आंबली आहे का, लोणचे घरचे आहे का, ताक पाणी-पाणी आहे का, साध्या वरणाला तुपाची धार व हिंगाचा वास आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी आणि तिचा पापुद्रा सुटावा. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून बाजरीच्या भाकरीचा पहिला तुकडा कालवणाशिवाय खावा. उडपी हॉटेलात साधी इडली आणि सांबार मागवावे; मेन्यूवरचे बाकीचे शंभर पदार्थ नंतर.

ताटापलीकडे काय पाहावे

स्वच्छतेसाठी स्वयंपाकघरात डोकावण्याचा हट्ट धरू नये. हात धुण्याचे बेसिन, टेबल पुसण्याचे फडके, पाण्याचे ग्लास आत बोटे घालून उचलतात की बाहेरून, पैसे घेतलेल्या हातानेच पाव उचलला जातो का, उसळीच्या पातेल्यावर झाकण आहे का, एवढ्या पाच गोष्टी बसल्या जागेवरून दिसतात. अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. वडे, भजी, पुऱ्या विकणाऱ्या ठिकाणी तेलाचा वास घ्यावा. तेल वारंवार तापवून किती वापरावे यालाही नियम आहे : तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळणासाठी वापरता येत नाही. ते मोजण्याचे साधन आपल्यापाशी नसते. तरीही काळपट, फेसाळणारे, घशाला खवखवणारे तेल ओळखायला नाक, डोळे आणि घसा पुरतात.

बिल वाचल्याशिवाय किमतीबद्दल काही लिहू नये. साध्या हॉटेलातल्या जेवणावर सामान्यतः ५ टक्के जीएसटी लागतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोयीत, असलेला छोटा व्यावसायिक तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही, म्हणून एका ठिकाणी कर दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही यावरून लगेच संशय घेऊ नये. सेवाशुल्काची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ते आपोआप बिलात जोडण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात ते सक्तीने लावलेले आढळले तर आधी काढून टाकण्यास सांगावे. नकार मिळाला तर तेवढी गोष्ट नेमकी लिहावी.

सेवा जोखताना वेटर हसतमुख होता का, यापेक्षा विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले का, याला मी महत्त्व देतो. ‘आज ताजे काय आहे?’ या प्रश्नावर ‘सगळेच ताजे आहे’ असे उत्तर देणारा आणि ‘आज बांगडा घ्या, सुरमई कालची आहे’ असे सांगणारा यांच्यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा उल्लेख अभिप्रायात अवश्य करावा. गर्दीच्या वेळी उशीर होणारच. मागून आलेल्यांना आधी वाढले गेले का, एवढेच पाहावे.

आकडा कसा काढावा

सामान्य गिऱ्हाइकांच्या मतांवर आधारलेले मूल्यमापन नवे नाही. न्यूयॉर्कमधील टिम व नीना झागाट या वकील दांपत्याने १९७९ मध्ये आपल्या मित्रमंडळींकडून रेस्टॉरंटांबद्दलची मते गोळा करण्यास सुरुवात केली आणि त्यातून पुढे मोठी मार्गदर्शिका उभी राहिली. तिथे जेवण, सजावट आणि सेवा यांना शून्य ते तीन असे वेगवेगळे गुण दिले जात, त्यांची सरासरी दहाने गुणून तीसपैकी आकडा काढला जाई, आणि खर्चाचा अंदाज स्वतंत्र छापला जाई. त्यात आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट ही की या बाबी एकमेकींत मिसळल्या जात नसत. आज पाच ताऱ्यांच्या एका आकड्यात आपण चव, स्वच्छता, वागणूक, किंमत आणि पार्किंग हे सगळे कोंबतो. मग तीन ताऱ्यांचा अर्थ ‘जेवण उत्तम पण जागा अस्वच्छ’ असा आहे की ‘सगळेच जेमतेम’ असा आहे, हे वाचणाऱ्याला उमगत नाही.

म्हणून आपल्या वहीत किंवा फोनमध्ये पाच रकाने ठेवावेत : चव, ताजेपणा, सातत्य, स्वच्छता, आणि किमतीच्या मानाने समाधान. सेवेला मी वेगळा रकाना देत नाही, कारण लहान खानावळीत तीन माणसे सगळी कामे करतात आणि तिथे सेवेचे गुण मोठ्या हॉटेलच्या मोजपट्टीने कापले जातात. सेवेबद्दल शब्दांत लिहावे. प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण त्याच दिवशी भरावेत. नंतर एकच आकडा द्यायचा झाला तर सरळ सरासरी काढू नये. ठिकाणाच्या मुख्य आश्वासनाचा रकाना दुप्पट धरावा : मासळीच्या खानावळीत ताजेपणा, मेसमध्ये सातत्य, मिसळीच्या दुकानात चव. आणि स्वच्छता दोनच्या खाली गेली तर बाकी काहीही असो, एकूण आकडा तीनच्या वर नेऊ नये. हा माझा नियम थोडा कठोर आहे. तरी अनोळखी माणसाला जेवायला पाठवताना तो पाळलाच पाहिजे असे मला वाटते.

पाच तारे फार जपून वापरावेत. ज्या ठिकाणी जाण्यासाठी आपण गावातल्या पाहुण्याला आपणहून आग्रह करू, आणि जिथे दोन्ही भेटींत जेवण सारखे मिळाले, त्यालाच पाच. एक तारा केवळ खाण्यालायक नसलेल्या अन्नासाठी किंवा उघड फसवणुकीसाठी राखून ठेवावा. मधले दोन, तीन, चार तारे मोकळेपणाने वापरले की आपल्या आकड्यांना वजन येते.

एकाच नावाच्या अनेक शाखा असतील तर शाखेचे ठिकाण लिहिल्याशिवाय आकडा देऊ नये. नावाजलेल्या मिसळीच्या मूळ दुकानातला वस्ताद प्रत्येक शाखेत नसतो.

आपला कल ओळखावा

प्रत्येकाच्या जिभेला घरच्या चवीचे वळण असते. गोडा मसाला ज्यांच्या घरात वापरला जातो त्यांना काळा मसाला करपट वाटतो, आणि काळ्या मसाल्यावर वाढलेल्यांना गोडा मसाला मिळमिळीत वाटतो. हे टाळता येत नाही, पण सांगता येते. ‘मी तिखट कमी खाणारा आहे’ किंवा ‘माझे बालपण सोलापुरात गेले आहे’ एवढे एक वाक्य अभिप्रायाच्या सुरुवातीला असले की वाचणारा आपले मत स्वतःच्या मापाने कमी-जास्त करून घेतो. कडकडून भूक लागलेली असताना चढलेला आणि मंडळींशी वाद झाल्यावर उतरलेला आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा.

पाच ताऱ्यांच्या बदल्यात गुलाबजाम फुकट, अशी पाटी आता पुष्कळ ठिकाणी असते. गुलाबजाम नाकारावा किंवा तारे देऊ नयेत. दोन्ही एकत्र करू नये. मालक ओळखीचा असेल, त्याने बिल घेतले नसेल, तर त्या जेवणाबद्दल जाहीर काही लिहूच नये. मिशेलिन या प्रसिद्ध रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तपासनीस नाव न सांगता जातात आणि स्वतःचे बिल भरतात. हौशी माणसाला यातला निदान दुसरा भाग सहज पाळता येतो. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे, पण लिहिणाऱ्याने स्वतः पथ्य पाळले नाही तर मानकाचा उपयोग मर्यादितच राहणार.

घरपोच मागवलेल्या जेवणावरून ठिकाणाला गुण देऊ नयेत. प्लास्टिकच्या डब्यात वाफेने मऊ झालेला वडा, पोहोचेपर्यंत फुगलेली मटकी किंवा उशिरा आलेला डिलिव्हरी बॉय यांचा स्वयंपाकघराशी संबंध थोडाच असतो. पार्सलबद्दल लिहायचे असेल तर ‘पार्सल’ असे स्पष्ट म्हणावे, आणि वेष्टन कसे होते, रस्सा सांडला का, कट वेगळा दिला होता का, याबद्दलच लिहावे.

अभिप्राय कसा लिहावा

चांगल्या अभिप्रायात तारीख, वेळ, काय खाल्ले, किती पैसे पडले आणि कोणत्या गोष्टीवरून मत बनले, एवढे असावे. उदाहरणादाखल एक मजकूर देतो : ‘बुधवारी दुपारी एक वाजता दोघे जेवलो. बांगडा थाळी घेतली. बांगडा ताजा, तिखल्यात तिरफळाचा वास उत्तम, भाकरी गरम. सोलकढी पातळ होती. भात दुसऱ्यांदा मागितला तेव्हा गार आला. सुरमई आज घेऊ नका असे त्यांनीच सांगितले. बसायला चारच टेबले आहेत, त्यामुळे दीडनंतर थांबावे लागते. बेसिनजवळ साबण नव्हता.’ यात ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘एकदा अवश्य भेट द्या’ यांतले काही नाही, तरी वाचणाऱ्याला जायचे की नाही आणि गेल्यावर काय मागवायचे हे पुरते समजते.

दोष आढळला तर तो आधी तिथेच सांगावा. ‘काका, आज आमटी फार खारट झाली आहे’ किंवा ‘मावशी, ही चटणी आंबली आहे’ असे शांतपणे म्हटले तर बहुतेक ठिकाणी पदार्थ बदलून मिळतो, आणि बदलून मिळाला की नाही हीसुद्धा अभिप्रायात लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

पोट बिघडल्याचा आरोप करताना मात्र फार सांभाळावे. शेवटी जे खाल्ले त्यामुळेच त्रास झाला असे सहज वाटते, पण काही जंतुविषांचा परिणाम तासाभरात दिसतो, तर साल्मोनेलासारख्या जिवाणूंचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. सोबत तेच खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला का, हे आधी विचारावे, डॉक्टरांना दाखवावे, संशय पक्का असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बिलासह तक्रार करावी, कारण नमुने तपासण्याचा अधिकार आणि साधने त्यांच्याकडे आहेत. ‘यांच्याकडे कुजके मटण वापरतात’ असे पुराव्याशिवाय जाहीर लिहिणे एखाद्या कुटुंबाचा धंदा बसवू शकते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार ते बदनामीही ठरू शकते. जे डोळ्यांनी पाहिले, जिभेने चाखले आणि बिलावर वाचले तेवढेच लिहिले तर ही अडचण येत नाही. फोटो ताटाचे काढावेत. वेटरचे किंवा शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाचे काढू नयेत.

जुने अभिप्राय वर्षातून एकदा तपासावेत. खानावळी बदलतात : वस्ताद गावी जातो, मुलगा गल्ल्यावर बसतो, जागा मोठी होते, तेल बदलते, कधी आधीपेक्षा चांगलेही होते. पुन्हा जेवून आल्यावर जुना मजकूर पुसून टाकू नये; त्याखाली नवी तारीख घालून काय बदलले ते लिहावे आणि तारे त्याप्रमाणे कमी-जास्त करावेत. पुन्हा जाणे झाले नसेल आणि वस्ताद बदलल्याचे खात्रीने कळले असेल, तर आधीचे मत जुन्या वस्तादाच्या हातच्या जेवणाबद्दल होते एवढी एक ओळ जोडावी.